नाद, गोंगाट आणि आपले मन
(इंदूर येथे समाजाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगीताचा मनावर होणारा परिणाम या विषयावर बोला, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. आम्ही गवई नाही, डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि राज्य शासनाच्या नोकरीत उपयंत्री म्हणून वीस वर्षे काढली. घरात आजोबांची पेटी आहे, पण आमच्या पिढीत तिच्यावर इस्त्रीचे कपडेच ठेवले गेले. सचिव मात्र म्हणाले, "दर वर्षी मंडपातला साउंड तुम्हीच बघता, तेव्हा आवाजावर बोलायचा हक्क तुमचाच." त्यांनी थट्टेने म्हटले, आम्हाला ते लागले. का लागले ते पुढे येईलच.

डोळ्याला पापणी असते, कानाला नसते. झोपेतही कान आपले काम करतच असतो. बाळ जरा कुरकुरले की आईला जाग येते. बाळाचे वडील शेजारी घोरत असले तरी तिला येत नाही. म्हणजे कान नुसता ऐकत नाही, निवडही करतो. मागून एकदम भांडे पडले की काय पडले हे कळण्याआधीच छातीत धस्स होते, अंग आखडते. धोक्याची सूचना देणारी ही फार जुनी तार आहे. विचार मागाहून येतो, शरीर आधी हलते.

संगीतही ह्याच तारेवरून आत शिरते. २०११ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना त्यांच्या आवडीचे संगीत ऐकवून मेंदूची तपासणी केली. आनंदाशी संबंध असलेले डोपामाइन हे द्रव्य दोन वेळा पाझरते असे त्यांना आढळले: आवडती जागा येणार या ओढीच्या वेळी आणि ती जागा प्रत्यक्ष आल्यावर. आपल्या मैफलीत बसणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. सम येण्याआधी जीव वर-खाली होतो आणि समेवर मान आपोआप हलते. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ साहेब झूमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या सावकाश घेत की ऐकणाऱ्याने आपली घाई बाहेर चपलांपाशी ठेवूनच बसावे. त्यांनी आवाज कधी चढवला नाही. ऐकणाराच हळूहळू पुढे सरकत असे.

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांबद्दल येथेच एक सांगून टाकतो. अमुक रागाने मधुमेह जातो, तमुक रागाने रक्तदाब, असे कोष्टक आम्हाला महिन्यातून एकदा तरी येते. साहेबांच्या देशातही हा प्रकार झाला. १९९३ साली अमेरिकेत ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. मोझार्टचे संगीत दहा मिनिटे ऐकल्यावर आकृत्या ओळखण्याच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले, आणि पाव तासात तो परिणाम ओसरला. एवढ्या भांडवलावर 'बाळाची बुद्धी वाढवणाऱ्या' कॅसेटी विकल्या गेल्या. गोळी चालू असेल तर ती चालू ठेवावी आणि राग रागासारखा ऐकावा.

त्यापेक्षा इटलीतील पाविया येथील डॉ. बर्नार्डी यांचे काम आम्हाला जास्त पटले. २००६ सालच्या प्रयोगात त्यांनी २४ जणांना वेगवेगळ्या लयीचे संगीत ऐकवले. लय वाढली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत. पण मधेच दोन मिनिटे संगीत थांबवले होते, आणि त्या शांततेत नाडी व रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीपेक्षाही खाली आले. सगळ्यात जास्त विश्रांती मिळाली ती दोन सुरांच्या मधल्या जागेत.

हे वाचताना आम्हाला देवास आठवले. येथून बसने तासाभराचे अंतर. १९४८ च्या सुरुवातीला कुमार गंधर्व तेथे राहायला आले ते क्षयाने आजारी होऊन, कोरड्या हवेसाठी. गाण्याची मनाई होती. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, लहानपणापासून मैफली गाजवणारा हा गवई ऐन पंचविशीत अंथरुणावर मुका पडून होता. त्या वर्षांत त्यांनी काय केले? ऐकले. पाखरे ऐकली, रस्त्यावरून जाणारे भिक्षेकरी ऐकले, मालवी बायकांची लग्नातली आणि सणावारांची गाणी ऐकली. पुढे औषध लागू पडले, १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, आणि त्या ऐकण्यातून त्यांचे नवे गाणे उभे राहिले. आमचा विचार एवढाच की त्या खोलीत येणारा आवाज लहान होता. हवा तर कान देता येत होता, नको तर भिंतीकडे वळता येत होते.

हे 'नको तर' फार महत्त्वाचे आहे. ग्लास आणि सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली आपले प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. लोकांना काम देऊन मधूनमधून कर्कश आवाज ऐकवायचा. काही जणांपाशी एक बटण होते. 'अगदीच सहन झाले नाही तर दाबा, पण शक्यतो दाबू नका,' असे त्यांना सांगितले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही, म्हणजे आवाज दोन्ही गटांनी तेवढाच ऐकला. तरी नंतरच्या कामात बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या आणि अवघड कोडे सोडवताना ते जास्त वेळ टिकले. आवाज बंद करणे आपल्या हातात आहे, एवढ्या जाणिवेनेच मनावरचा ताण कमी झाला.

आता आमच्यावर येतो.

मंडपाचा साउंड आम्ही चौदा वर्षे लावला. मागच्या वर्षी दोन बॉक्स तर यंदा चार, असा आमचा हिशेब. डिप्लोमाला शिकलेले आम्हीच विसरलो होतो. डेसिबलचे माप सरळ चालत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते, कानाला मात्र तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. दोनाचे चार बॉक्स केले तर जेमतेम तीन डेसिबल वाढतात, समोर बसलेल्याला फरक जाणवतो न जाणवतो. आणि खर्जाचा धडधडाट भिंतींना जुमानत नाही, तो शेजारच्या घरात जाऊन तावदाने वाजवतो. २००० सालच्या केंद्राच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. साधे बोलणेच साठच्या आसपास जाते. नियम आम्हाला ठाऊक होता. सरकारी नोकराला नियम ठाऊक असतोच.

चार वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या वडिलांना, नानांना, पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला, त्यामुळे उजवे अंग गेले आणि वाचा गेली. बोललेले समजत होते, पण तोंडातून 'हो', 'नको' आणि 'अरे' एवढेच निघे, तेही कधी उलटसुलट. पंधरा दिवसांत रुग्णालयातून घरी आणले आणि समोरच्या खोलीत पलंग टाकला, कारण हवा तेथेच येते. त्या खोलीपासून मंडप तीस पावलांवर.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांच्या नाचाची तालीम होती आणि आम्ही मंडपात मशीनपाशी उभे होतो. धाकटी मुलगी धावत आली, म्हणाली, "बाबा, आजोबा कसंतरी करताहेत." जाऊन पाहतो तर नाना डाव्या हाताने डावा कान दाबून पडलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होते. एकच हात चालत होता, म्हणून एकच कान झाकता येत होता. 'बंद करा' हे दोन शब्दही त्यांच्यापाशी नव्हते. आणि बटण आमच्या हातात होते.

त्या रात्री आम्ही मशीन बंद केले. मुले हिरमुसली. कारण आम्ही सांगितले नाही, 'फ्यूज उडाला' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गणपतीची आरती. सौ.ने निरांजन लावले, आम्ही घंटा घेतली, मुलांनी झांजा, आणि पाटासमोर सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला पलंगावरून आणखी एक आवाज आला. घोगरा, जरा मागे रेंगाळणारा, पण शब्द पूर्ण. आईच्या हातातले तबक हलायला लागले. आम्ही थांबणार होतो, पण तिने मानेने खुणावले, 'म्हणत राहा.' नानांनी आरती शेवटपर्यंत म्हटली. मंत्रपुष्पांजलीही म्हटली, जी आमच्या मुलांना अजून नीट येत नाही. मग आईने विचारले, "चहा घेता?" तर पुन्हा "अरे... अरे..." एवढेच.

वाणी-उपचार करणाऱ्या ताईंना आम्ही हे भीतभीत सांगितले. त्या म्हणाल्या, यात काही चमत्कार नाही, असे रुग्ण वैद्यकाला फार दिवसांपासून माहीत आहेत. स्वीडनमध्ये १७४५ साली लिहिलेली अशी एक नोंद आहे: वाचा गेलेला माणूस प्रार्थनेची गीते मात्र म्हणत होता. १९७३ साली बॉस्टनच्या तज्ज्ञांनी यावरून उपचारपद्धतीच बांधली. रोजच्या गरजेची वाक्ये दोन-तीन सुरांत लांबवून म्हणायची आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा. याचे श्रेय काही संशोधक सुराला देतात, काही तालाला आणि जुन्या पाठांतराला. आम्हाला वाद नको होता, वाक्ये हवी होती. आई रोज दुपारी नानांचा डावा हात हातात घेऊन मांडीवर ठेका देई आणि 'पा-णी द्या' असे गाई. पन्नास वर्षांच्या संसारात तिने कधी गुणगुणलेलेही आम्ही ऐकले नव्हते.

सगळे परत आले असे नाही. नाना आता लहान वाक्ये बोलतात. नावे चुकतात, आम्हाला आमच्या काकांच्या नावाने हाक मारतात. आज ते येथे आलेले नाहीत, ते सभागृहाच्या जिन्यामुळे.

आरतीने शरीरात काय होते त्याचा थोडा अंदाज बर्नार्डी यांच्याच २००१ सालच्या एका प्रयोगावरून येतो. लॅटिनमधली प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र लोकांकडून म्हणवून घेतले, तेव्हा दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय स्थिरावली. तसेच स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांची नाडी तपासली, ती एकमेकांबरोबर वर-खाली होताना दिसली. कडवे एका दमात म्हणायचे तर श्वास लांबवावाच लागतो, आणि शेजाऱ्याबरोबर म्हणायचे तर त्याच्या श्वासाशी जुळवून घ्यावे लागते. बॉक्समधून वाजणाऱ्या आरतीबरोबर आपण नुसते ओठ हलवतो, तेथे हे घडत नाही.

म्हणून गेल्या वर्षी मंडपातली आरती बिनमाइकची करावी असे आम्ही सुचवले. विरोध झाला आणि त्यात तथ्यही होते. पहिल्या दिवशी पुढच्यांची आरती संपली तेव्हा मागचे शेवटच्या कडव्यावर होते. तरुण मंडळी म्हणाली, काका, रंगत नाही. चौथ्या दिवशी मात्र पुढचे आणि मागचे एकत्र संपले. सांस्कृतिक कार्यक्रमांना दोन बॉक्स ठेवले, तोंडे आतल्या बाजूला, आणि दहाला बंद.

विसर्जनाच्या ढोल-ताशांचे काय करावे हे आम्हाला अजून सुटलेले नाही. आमचाच मुलगा पथकात आहे. कमरेला ढोल बांधला की त्याचा चेहरा असा खुलतो की 'नको' म्हणायला आमची जीभ रेटत नाही. वाजवणाऱ्याला तो आनंद आहे, आणि भिंतीपलीकडे पडलेल्याला तो मार आहे. आवाज एकच. गेल्या आठवड्यात त्याने स्वतःच नानांना विचारले, "आजोबा, घरासमोरून वाजवत जाऊ का?" नानांनी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून दाखवला. "जोरात?" "नको." मग जरा थांबून म्हणाले, "हळू. ये." पथकाने आमच्या गल्लीत ढोल थांबवून नुसत्या झांजा वाजवत जायचे ठरवले आहे. कसे होते ते पाहू.

यंदा मंडपातली आरती रोज साडेसातला आहे. माइक असेल, पण तो प्रसादाच्या वेळी चपला नीट ठेवा हे सांगायला. समाजाकडे झांजांचे चारच जोड आहेत आणि त्यातल्या एकाची दोरी तुटलेली आहे. ज्यांच्या घरी असतील त्यांनी कृपया बरोबर आणावेत.