पोरं जास्त म्हणून गरिबी?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कृषी पदवी घेताना आम्हाला शिकवलं की शेतकऱ्याला पोरं फार, म्हणून जमिनीचे तुकडे, म्हणून गरिबी. मीही कित्येक वर्षं हेच बोलत फिरलो. आज ते तपासू.

१९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढली नाही, उलट थोडी घटली. बाळंतपणं काही थांबली नव्हती. पण १९१८ साली मुंबई बंदरातून मानमोडीची साथ शिरली आणि त्याच साली पाऊसही गेला. देशात एक कोटीहून जास्त माणसं मेली. मध्यप्रांत-वऱ्हाडला फार झळ बसली.

पुढं माणसं वाढली, ती जन्म वाढले म्हणून नव्हे, मरण मागं हटलं म्हणून. देवीचा रोग गेला, हिवताप उतरला, धान्य हलवता येऊ लागलं. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण १९१८ सारखी घरं बसली नाहीत.

उगवणीची खात्री नसली की आपण एका जागी दोन-तीन सरक्या टोबतो. आयाबायांचं गणित तेच होतं. पाळण्यातलं पोर जगतं हा भरवसा बसायला एक पिढी जाते. १९७६ साली महाराष्ट्र विधानसभेनं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. त्याचा कायदा झाला नाही, बरंच झालं. पोरी शाळेत गेल्या, लग्नाचं वय पुढं सरकलं. १९९२-९३ च्या पाहणीत राज्यात बाईमागं सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये १.७. दोघांच्या जागी दोघंही भरत नाहीत.

आता आपला कापसाचा वर्धा जिल्हा घ्या. २००१ ते २०११ मध्ये राज्य १६ टक्क्यांनी वाढलं, वर्धा जेमतेम ५. काही पोरं जन्मलीच नाहीत, काही कामासाठी शहरात गेली. मग कर्ज फिटलं? आत्महत्यांमुळं २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना आलं, त्यात वर्धा होताच. पोरं कमी झाली, कापसाचा भाव तसाच राहिला.

एक गोष्ट मात्र सरकारच्या माथी मारता येत नाही. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं राज्यात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २०११ साली ८९४. त्या कुठं गेल्या हे सोनोग्राफीवाल्याला ठाऊक आहे आणि घरातल्यांनाही. पस्तिशीच्या पोरासाठी स्थळ शोधत फिरणाऱ्या बापांनी हा आकडा वहीत लिहून घ्यावा.

जेवणानंतर याच विषयावर बायांची बैठक आहे. पुरुषांनी मागं बसून ऐकावं.