अंतर कुणी ठरवलं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी एका नॉर्वेजियन खेळाडूची कारकीर्द तुमच्यापुढे मांडणार आहे. बर्फातला खेळ, थंडीचा देश, आपला काय संबंध, असं काहींच्या मनात आलं असेल. पण बाईचं शरीर, बाळंतपण आणि काम यांविषयी आपण गटांमध्ये जे बोलत असतो, ते सगळं या एका कारकिर्दीत एकत्र दिसतं. म्हणून ती निवडली.

तिचं नाव मारित ब्यॉर्गन. जन्म 1980 चा. ट्रॉनहाइम शहराच्या दक्षिणेला रोग्नेस नावाचं छोटं गाव आहे, तिथे शेतावर ती लहानाची मोठी झाली. तिचा खेळ क्रॉस-कंट्री स्कीइंग. पायांना लांब अरुंद पट्ट्या, हातांत दोन काठ्या आणि समोर दहा, पंधरा, तीस किलोमीटरचा बर्फ. उतारावर घसरत जाता येतं, पण चढ दंडांच्या आणि मांड्यांच्या ताकदीवरच चढावा लागतो. दमसासाचा खेळ आहे हा.

ऑलिम्पिकमध्ये 2002 साली तिला रिलेचं रौप्यपदक मिळालं, 2006 साली आणखी एक रौप्य. पहिलं सुवर्ण मिळायला 2010 साल उजाडावं लागलं. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. व्हँकुव्हरच्या त्या स्पर्धेत तिने तीन सुवर्णांसह पाच पदकं मिळवली. 2014 मध्ये सोचीला पुन्हा तीन सुवर्णं. डिसेंबर 2015 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, तिला मुलगा झाला. तो हंगाम तिने सोडला. 2017 मध्ये फिनलंडमधल्या लाहती इथे जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा मूल सव्वा वर्षाच्या आतलं होतं. तिथे तिने चार सुवर्णपदकं जिंकली.

पुढच्याच वर्षी, 25 फेब्रुवारी 2018 रोजी, दक्षिण कोरियातल्या प्याँगचांगला तीस किलोमीटरची शर्यत होती. वय सदतीस. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा ती एक मिनिट एकोणपन्नास सेकंदांनी पुढे होती. हे तिचं पंधरावं ऑलिम्पिक पदक. तोवर हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कुणाही पुरुषाने वा स्त्रीने एवढी पदकं मिळवलेली नव्हती. त्याच वसंतात तिने निवृत्ती जाहीर केली.

अशी बाई दिसली की आपण तिला चटकन ‘आदिशक्ती’ म्हणून हात जोडतो आणि मोकळ्या होतो. मला तिथे थांबायचं नाही. तिच्या जिद्दीबद्दल, वर्षानुवर्षांच्या सरावाबद्दल शंकाच नाही. पण बाळंतपणानंतर कामावर परतणं हे फक्त जिद्दीवर अवलंबून असतं का?

नॉर्वेत 1993 पासून पालकत्वाच्या पगारी रजेतला काही भाग बापासाठी राखून ठेवला आहे. त्याने तो घेतला नाही तर सहसा तो बुडतो, आईच्या नावावर चढत नाही. सुरुवातीला हा वाटा चार आठवड्यांचा होता, पुढे वाढला. 2009 पासून एक वर्षाच्या पुढच्या मुलांना पाळणाघरात जागा मिळणं हा कायदेशीर हक्क झाला. हे कायदे कुणा विजेतीसाठी केलेले नाहीत. परिचारिका, शिक्षिका, दुकानातली विक्रेती या सगळ्यांसाठी आहेत. ब्यॉर्गनला त्याशिवाय संघाची आणि पैशाची साथ होती, ती सामान्य बाईला नसते, हेही लक्षात ठेवू या. पण बाळंतीण पुन्हा कामावर जाणार हे जिथे गृहीत धरलं जातं, अशा समाजात ती वाढली. माझ्या कामात ज्या बाया भेटतात, त्या मूल झाल्यावर नोकरी सोडतात तेव्हा त्यांची जिद्द संपलेली नसते. मूल ठेवायला जागा नसते.

आता दुसरा मुद्दा. प्याँगचांगची तिची शर्यत तीस किलोमीटरची होती. पुरुषांची सर्वांत लांब शर्यत पन्नासची. हा फरक कुणी ठरवला?

हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पुरुष 1924 पासून पन्नास किलोमीटर धावत होते. स्त्रियांना या खेळात पहिला प्रवेश 1952 मध्ये ओस्लोला मिळाला, तोही दहा किलोमीटरसाठी. वीस किलोमीटर मिळायला 1984 आणि तीस मिळायला 1992 उजाडलं. धावण्यातही हेच झालं. 1928 मध्ये स्त्रियांच्या आठशे मीटर शर्यतीनंतर काही जणी दमून खाली पडल्या, वर्तमानपत्रांनी त्याला तिखटमीठ लावलं, आणि ती शर्यत थेट 1960 पर्यंत ऑलिम्पिकमधून गायब झाली. पुरुषही शर्यतीनंतर आडवे होतात. त्यांची शर्यत कुणी रद्द केल्याचं ऐकिवात नाही.

नॉर्वे काही मागासलेला देश नव्हे. 1986 मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अठरा जणांच्या मंत्रिमंडळात आठ स्त्रिया होत्या. तरी त्याच देशात, ओस्लोतल्या होल्मेनकोलेनच्या मानाच्या शर्यतीत, पुरुषांचे पन्नास किलोमीटर शंभराहून अधिक वर्षं चालत असताना स्त्रियांना ते अंतर पहिल्यांदा मार्च 2023 मध्ये मिळालं. ब्यॉर्गन निवृत्त होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. एवढ्या विक्रमांनंतरही ऑलिम्पिकमध्ये पन्नास किलोमीटर धावण्याची संधी तिला कधीच मिळाली नाही.

नियम बदलला तो मतदानाने. मे 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या समितीत सत्तावन्न टक्के मतं समान अंतराच्या बाजूने पडली. स्त्रियांना जास्त वेळ लागेल, हा विरोधातला एक मुख्य मुद्दा होता.

या निर्णयातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सगळीकडे स्त्रियांनाच वर चढायला लावलं नाही. स्कीअॅथलॉनमध्ये पुरुषांचे तीस आणि स्त्रियांचे पंधरा किलोमीटर होते, दोघांचे वीस झाले. पुरुषांची पंधराची शर्यत दहावर आली. 2026 च्या ऑलिम्पिकसाठी रिलेचा टप्पाही दोघांना साडेसात किलोमीटरचा ठरला. आधी तो पुरुषांना दहा आणि स्त्रियांना पाच होता. म्हणजे पुरुषाचं माप हेच मूळ माप, हा समजही थोडा हलला. समानतेबद्दल आपण बोलतो तेव्हा बाईने पुरुषासारखं व्हायचं, एवढाच अर्थ घेतला जातो. मापच नव्याने ठरवता येतं, याचं हे उदाहरण गटांमध्ये जरूर सांगा.

शेवटी एक सुचवते. आपल्या कार्यक्रमांत कर्तबगार स्त्रियांची ओळख करून देताना पदकांची यादी वाचून थांबू नका. तिचं मूल कुणी सांभाळलं, तिच्यासाठी मर्यादा कुणी आखली होती आणि ती बदलण्याचा अधिकार कुणाच्या हातात होता, हेही विचारा. मग हेच प्रश्न आपल्या गावाला, कारखान्याला, शाळेच्या मैदानाला लावून बघा. पुढच्या बैठकीला येताना उत्तरं लिहून आणा, तिथून कामाला सुरुवात करू.