नटराजाच्या पायाखाली कोण?

नटराज आज आपल्या ओळखीचा झाला आहे तो शोभेची वस्तू म्हणून. नृत्यवर्गाच्या भिंतीवर, अधिकाऱ्याच्या टेबलावर, सत्काराच्या स्मृतिचिन्हावर तो नाचताना दिसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा सभागृहापुढे २७ फूट उंचीची अष्टधातूची नटराजमूर्ती उभारण्यात आली. जिनेव्हाजवळच्या सर्न या विज्ञानसंस्थेच्या आवारातही भारत सरकारने २००४ साली भेट दिलेली अशीच एक मूर्ती आहे. प्रतीक इतके सर्वमान्य झाले की त्याला प्रश्न विचारण्याची सवय सुटते, आणि ती सवय सुटणे समाजवादी कार्यकर्त्याला परवडणारे नाही.

या मूर्तीचा शास्त्रोक्त अर्थ आनंद कुमारस्वामी यांच्या १९१२ सालच्या निबंधामुळे जगभर पोचला. मागच्या उजव्या हातातील डमरू सृष्टीचा, पुढचा अभयहस्त स्थितीचा, डाव्या हातातील अग्नी संहाराचा, रोवलेला पाय तिरोभावाचा आणि उचललेला पाय अनुग्रहाचा: अशी ही पाच कृत्ये. रोवलेल्या पायाखाली एक बुटका पुरुष आहे. संस्कृतात त्याला अपस्मार म्हणतात, तमिळमध्ये मुयलकन. तो अज्ञानाचे, विस्मृतीचे रूप मानला जातो. त्याचा वध होत नाही. तो दबलेला, पण जिवंत राहतो. अज्ञान दडपले पाहिजे याबद्दल कोणाचे दुमत नाही. मात्र अज्ञानी कोण, हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हे इतिहासात पाहावे लागते.

महाराष्ट्रातील नृत्यशिव या धातुमूर्तीहून जुना आहे. घारापुरीला आणि वेरूळच्या १४ व २१ क्रमांकांच्या लेण्यांत तो पाषाणात कोरलेला आहे. त्याच्याभोवती ज्वालांचे वलय नाही. देवदेवतांचा, वेरूळला तर वाद्ये वाजविणाऱ्यांचाही मेळा आहे. ज्वालावलयातील प्रसिद्ध रूप स्थिरावले ते दहाव्या शतकात, कावेरीच्या खोऱ्यात, चोळ राजांच्या आणि विशेषतः सेंबियन महादेवी या राणीच्या आश्रयाने. कारागीर आधी मेणाची मूर्ती घडवीत, तिच्यावर मातीचा लेप देत, तापवून मेण वाहू देत आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतीत. बैठकीला दांडे ओवण्यासाठी छिद्रे ठेवीत, कारण ही मूर्ती उत्सवात खांद्यावर घेऊन रस्त्याने मिरवायची असे. चिदंबरमला तर गाभाऱ्यातील मुख्य नटराजच वर्षातून दोनदा रथात बसून बाहेर येतो. ज्यांना देवळात पाऊल टाकण्याची मनाई होती, त्यांना देव दिसे तो असा, रस्त्यावर.

डॉ. राममनोहर लोहियांनी राम, कृष्ण आणि शिव यांच्यावरील आपल्या निबंधात शिवाला असीम व्यक्तिमत्त्वाचा देव मानले आहे. परंतु असीम देवाच्या देवळाला सीमा होत्या. बाराव्या शतकातील पेरियपुराणम् या तमिळ ग्रंथात नंदनाची कथा येते. नंदन अस्पृश्य मानलेल्या जातीचा. देवळातील नगाऱ्यांना कातडे आणि वीणेला तारा पुरविणे ही त्याची सेवा. चिदंबरमचे नृत्य डोळ्यांनी पाहावे एवढीच त्याची आस होती. त्याला प्रवेश मिळाला तो अग्नीतून गेल्यावर, आणि कथा सांगते की तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर यज्ञोपवीत होते! म्हणजे ज्याच्या हातच्या कातड्यावर देवाचा ताल धरला जाई, त्याला त्याच्या स्वतःच्या देहासह आत घ्यायला कथाही तयार झाली नाही. पुराणकाराने त्याला संतपद दिले, हे मोठेपण मान्य करूनही ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. आपल्याकडे पंढरीच्या वाळवंटात सर्व जातींचे वारकरी एकत्र नाचत, तरी विठ्ठलाचे दार सर्वांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

पुढे या मूर्तीला बाजाराने गाठले. १९७६ साली तमिळनाडूतील पाथूर गावी एका मजुराला खणताना जमिनीत नटराज सापडला. मजुराच्या हाती किरकोळ रक्कम पडली. तोच नटराज १९८२ मध्ये लंडनला अडीच लाख पौंडांना विकला गेला. न्यायालयात मोठा झगडा होऊन १९९१ साली तो परत आला. श्रीपुरंदानचा नटराज ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये पन्नास लाख डॉलरांहून अधिक किंमत देऊन घेतला होता. चोरीचा माल ठरल्यावर तो २०१४ साली परत करावा लागला. ओतणारा, खणणारा आणि खांद्यावर वाहणारा यांचा या किमतीत वाटा किती, हा हिशेब कलेच्या इतिहासात मांडला जात नाही.

राजुऱ्याच्या माणसाला मात्र नाचणारा देव पाहण्यासाठी कावेरीपर्यंत जाण्याचे कारण नाही. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि राजगोंडांची दंडारी या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत एकच आहे. दिवाळीच्या दिवसांत गावोगावचे घुसाडी मोरपिसांचा भला मोठा टोप घालतात, अंगाला राख फासतात, खांद्यावर कातडे घेतात. तेवढे दिवस ते स्नान करीत नाहीत, कारण देव त्यांच्या अंगी आहे अशी श्रद्धा असते. राख, कातडे आणि ढोल ही सारी शिवाचीच सामग्री. पण ती येथे कोणा शिल्पकाराने दिलेली नाही. गोंडांना हिंदू देवमंडळात बसविण्याच्या घाईने घुसाडीला नटराजाचा अवतार ठरविण्याचेही कारण नाही. साम्य आहे तसाच भेदही आहे. चिदंबरमला देव नाचतो आणि माणसे पाहतात. येथे माणसे नाचतात म्हणून देव येतो. घुसाडीच्या पायाखाली कोणी नसते, जमीन असते.

मारलावाईच्या घुसाडी कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हा योग्य सन्मान होता. पण सन्मानाबरोबर व्यासपीठ येते, व्यासपीठाबरोबर दहा मिनिटांची मर्यादा आणि ध्वनिक्षेपक येतो, आणि व्रताचे लोकनृत्य होते. दंडारीचे मूळ स्वरूप वेगळे आहे. एका गावचा जथा दुसऱ्या गावी पाहुणा जातो, तेथे रात्रभर नाचतो, यजमान गाव सर्वांना जेवू घालते, आणि या येण्याजाण्यातच सोयरिकीही जुळतात. त्यासाठी पाहुणचार परवडेल एवढे पिकणारे शेत लागते. राजुरा, कोरपना आणि जिवतीच्या पट्ट्यात जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी आहे. सास्तीच्या खाणी आणि गडचांदूरचे सिमेंट सर्वांना ठाऊक आहे. खाणीसाठी एखादे गाव उठले, तर भरपाईच्या कागदावर घर येते, शेत येते, झाडेही मोजली जातात. दंडारीला मात्र दोन गावे लागतात, आणि त्यांतले एक उठले की दुसऱ्या गावच्या घुसाड्यांना जायला ठिकाण राहत नाही.