सिरिंज रुग्णाच्या हातात द्या

वॉर्डातल्या माझ्या सिस्टर मैत्रिणींनो, आणि घरी इन्सुलिन घेणाऱ्या श्रोत्यांनो, मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. इन्सुलिन सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच सिरिंज रुग्णाच्या हातात द्या. डिस्चार्जची वाट बघू नका.

होतं काय, रोज आपण ट्रे घेऊन जातो, टोचतो, पुढच्या कॉटकडे वळतो. मग घरी निघताना, मुलगा बिलाच्या रांगेत उभा असताना, दोन मिनिटांत सगळं सांगतो आणि विचारतो, "कळलं ना?" रुग्ण मान डोलावतो. त्या मान डोलावण्यावर जाऊ नका.

नुसती बघून भाकरी कुणाला आली आहे का? पोर वर्षभर आईशेजारी बसते, पण थापायला घेतली की कड चिरते, तव्यावर टाकताना भाकरी दुमडते. म्हणून आई परात ओढून घेत नाही. "पीठ अजून मळ" म्हणते आणि जवळ बसते. आजोबांचा हात थरथरेल, सिरिंजमध्ये बुडबुडा राहील. राहू दे. घरी एकट्याने चुकण्यापेक्षा तुमच्यासमोर चुकू देत. राऊंडची घाई असते, मला माहीत आहे. तरीही.

आणि म्हणा, "काका, घरी कसं घ्याल, करून दाखवा." मग कळतं. बाटलीवर 100 लिहिलेलं असतं आणि सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे 40ची. अडीचपट औषध जातं! कुणी रोज त्याच जागी टोचतात, तिथे गाठ येते, औषध नीट शोषलं जात नाही. कुणाकडे फ्रीज नसतो, लाजून सांगत नाहीत. रागावू नका. बाटली पिशवीत बांधून, पाणी न लागू देता, गार मडक्यात ठेवता येते हे सांगा. फ्रीजरमध्ये मात्र कधीच नको.

दरदरून घाम, हातांना कंप, म्हणजे साखर 70च्या खाली गेली असेल. तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची. हेसुद्धा रुग्णाने सांगायचं, आपण ऐकायचं. घरच्यांनाही बोलावून घ्या, कारण त्या वेळी... वेळ संपत आली. पुन्हा सांगते, सिरिंज त्यांच्या हातात.

उपवासाच्या दिवशी डोसचं काय, यावर बोलायचं राहिलंच. तूर्त एवढंच, उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, मनाने डोस बदलू नका.