कूस बदलण्याचे शास्त्र



अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची खिदमत नुसत्या मायेने होत नाही. तिला ज्ञान लागते. एकाच अंगावर फार वेळ पडून राहिल्यास माकडहाड व टाचा यांवरील दाबामुळे तेथील रक्तपुरवठा अडतो आणि शय्याव्रण होतात. म्हणून साधारणतः दर २ तासांनी कूस बदलावी. पाठीशी उशी देऊन शरीर सुमारे ३० अंश कलते ठेवावे; पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णास ओढू नये, कातडी सोलवटते. दोघांनी चादरीसह उचलावे. मणक्याला इजा असल्यास मात्र जाणकाराशिवाय हलवू नये.

असे जाणकार नेरूळ, कामोठे येथील परिचर्या महाविद्यालयांत घडतात. आपल्या मुलींना, आणि मुलांनाही, तेथे पाठविण्यास संकोच करू नये, एवढीच विनंती.