परभणीच्या आकाशातले बुडबुडे

आज बांधाच्या मोजणीपासून सुरुवात करू. साखळीची जागा आता रोव्हरने घेतलीय. उपग्रहांच्या सिग्नलवरून तो दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. पण मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री आठ-नऊला तोच रोव्हर लावून बघा, कधीकधी 'फिक्स' सुटतो. मग यंत्राला नाहीतर ऑपरेटरला बोल. मी सॉफ्टवेअरवाला, माझा पहिला संशय कोडवर. पण कारण आपल्या डोक्यावर ३०० किलोमीटरवर असू शकतं.

दिवसभर ऊन तिथल्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतं. हाच प्लाझ्मा, आणि हा थर म्हणजे आयनांबर. सूर्य मावळला की खालचा भाग पटकन विरतो, वरचा दाट भाग टिकतो, उलट आणखी वर उचलला जातो. म्हणजे जड वर, हलकं खाली. तेलावर पाणी ओतल्यावर तेल कसं गोळ्यागोळ्याने वर येतं? तसंच. छोटीशी लहर वाढत जाते आणि विरळ प्लाझ्माचा बुडबुडा वर सुटतो. याला रेले-टेलर अस्थिरता म्हणतात.

आता कोणी म्हणेल, हे चुंबकीय विषुववृत्तावर घडतं, ते तर पार तिरुनेलवेलीकडे. परभणीचा काय संबंध? तर चुंबकीय रेषा कमानीसारख्या असतात. तिकडे बुडबुडा पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत चढला, की त्याच कमानीचं उत्तरेकडचं टोक आपल्या आकाशात उतरतं. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, जसं २०२४, बुडबुडे जास्त आणि उंच.

त्यातून येताना सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो. मोबाइलच्या नकाशाला फारसं कळतही नाही. रोव्हर मात्र रेडिओ लहरींचे भाग मोजत असतो; मोजणी तुटली की पुन्हा पहिल्यापासून. विमानांसाठीच्या 'गगन' यंत्रणेलाही याचा हिशोब ठेवावा लागतो.

हे बुडबुडे दिसतातसुद्धा. कोल्हापुरातून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या कॅमेऱ्यांनी निरभ्र रात्री आकाशाच्या मंद लाल प्रकाशात त्यांचे काळे पट्टे टिपलेत. याच अस्थिरतेची भावंडं गांधीनगरच्या आदित्य टोकामॅकमध्ये प्लाझ्माच्या कडेला त्रास देतात. तिथे निदान यंत्र बंद करता येतं!

आपल्याला एवढंच जमेल: मोजणी दिवसा उरकायची. अंधार पडलाच आणि फिक्स सुटला, तर वेळ आणि कोणते उपग्रह गेले ते लिहून ठेवा. आकाशाच्या एकाच बाजूचे गेले असतील, तर ऑपरेटरला बोलण्याआधी थोडं थांबा.