शेजारी म्हणजे कोण?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



मी आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली. "पुढे सरका, पुढे सरका" यापलीकडे भाषण कधी केलं नाही. पण सेक्रेटरींनी सांगितलं, "नाताळात तुम्ही सगळ्यांच्या घरी नेवऱ्या आणि दोदोल पाठवता, या वेळी तुमच्या धर्मातलं चार शब्दांत काहीतरी सांगा." म्हणून उभा राहिलो आहे. धर्म शिकवायला मात्र नाही. माझी एक चूक सांगायला उभा आहे.

आपली पिंगुळी चित्रकथीची. इथे गोष्ट सांगायची ती एकेक चित्र समोर धरून. येशूने सांगितलेली एक गोष्ट मी तशीच चार चित्रांत सांगतो.

पहिलं चित्र. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट. एका वाटसरूला लुटारूंनी मारून, कपडे काढून, अर्धमेला टाकला आहे. दुसरं चित्र. देवळाचा याजक येतो, बघतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. त्याच्या मागून देवळातलाच एक सेवक येतो, तोही तसाच जातो. तिसरं चित्र. एक शोमरोनी येतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात तेव्हा ऊठबस नव्हती, पण हा थांबतो. जखमांना तेल आणि द्राक्षारस लावतो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला धर्मशाळेत नेतो. चौथं चित्र. दुसऱ्या दिवशी तो धर्मशाळेच्या मालकाला दोन नाणी देतो आणि सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना भागवीन.

ही गोष्ट येशूने एका प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितली. एका शास्त्र्याने विचारलं होतं, माझा शेजारी कोण? गोष्ट संपल्यावर येशूने प्रश्न उलटा केला: या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? म्हणजे भिंतीला भिंत लागून असली म्हणून कोणी शेजारी होत नाही, शेजारी व्हावं लागतं.

ही गोष्ट मी लहानपणापासून रविवारी चर्चमध्ये ऐकत आलो, मुलांना शिकवलीसुद्धा. आता २०२० सालचा मे महिना आठवा. मुंबईचे चाकरमानी गावाकडे येत होते आणि गावोगाव दारं बंद होत होती. आपल्याही सोसायटीत एक कुटुंब यायचं होतं. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं. फ्लॅट त्यांचा स्वतःचा. खाली पार्किंगमध्ये अंतर ठेवून आपण मिटिंग घेतली. त्यांना येऊ द्यावं की नको? "नको" म्हणून ज्यांनी हात वर केले त्यात माझा हात होता. कायद्याने अडवता येत नव्हतं, म्हणून ते आले आणि चौदा दिवस दार लावून बसले. माझा फ्लॅट त्यांच्या समोरचा. पण त्या दिवसांत जिन्यातून जाताना मी कठड्याच्या बाजूने जायचो. आज कळतं, ते गोष्टीतलं दुसरं चित्र होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे भांड्याचा आवाज आला म्हणून दार उघडून बघितलं. वरच्या मजल्यावरच्या आपल्या काकी. वय पंचाहत्तरच्या पुढे, सोमवारी उपास, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा. त्यांनी पेजेचा टोप आणि खोबऱ्याची चटणी त्या दारात ठेवली, बेल वाजवली आणि चार पायऱ्या मागे सरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काकी, मिटिंगमध्ये काय ठरलं होतं?" त्या म्हणाल्या, "पोरांका भूक मिटिंग बघून लागणा नाय, बाबा. मी पेज भायर ठेवलंय, आत खय गेलंय?"

त्यांनी नियम एकही मोडला नव्हता. अंतर मीही ठेवलं आणि त्यांनीही ठेवलं. पण त्यांनी अंतर ठेवून पेज दिली, मी नुसतंच अंतर ठेवलं. गोष्ट माझ्या धर्मातली, ती जगल्या त्या. आणि गंमत म्हणजे गोष्टीतसुद्धा तसंच आहे. शेजारी झाला तो परका माणूस. देवळातले दोघे पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून दूध आणि भाजी मी नेऊन ठेवू लागलो. त्यात माझा मोठेपणा काही नाही, उशिरा आलेलं शहाणपण.

आमच्या शास्त्रात न्यायाच्या दिवसाचंही एक वर्णन आहे. तिथे माणसाला काय विचारलं जाईल? भुकेल्याला खायला दिलंस का, तहानेल्याला पाणी दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, उघड्याला कपडा दिलास का, आजाऱ्याकडे आणि कैद्याकडे गेलास का. नीट बघा. आजाऱ्याला बरं केलंस का, असं विचारलेलं नाही. भेटायला गेलास का, एवढंच विचारलं आहे. एवढं तर प्रत्येकाला जमतं.

मोठी कामं करणारी माणसंही झाली. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल काढलं. पूर्वी आपल्याकडचं मोठं दुखणं मिरजेलाच न्यायचे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणून केडगावला 'मुक्ती' उभी केली. पण मला जवळच्या वाटतात त्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान कवी रेव्हरंड टिळक आपल्या कोकणातलेच, जन्म करजगावचा. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नव्हतं. मग विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं की माणसामाणसांत हा भेद देवाने केलेला नाही, आणि त्या कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे पाण्याचा तांब्या आधी, धर्माचा विधी मागाहून.

आता शेवटचं. २५ वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा आपण सगळे तरुण होतो. तेव्हा पंप बंद पडला तर बादलीभर पाणी एकमेकांना देत होतो, पावसात लाईट गेली की मेणबत्ती मागायला जात होतो. आज इन्व्हर्टर आहे, टाकी मोठी आहे, आणि मुलं पुणे-मुंबईला. बऱ्याच दारांआड आता एकटंदुकटं म्हातारं माणूस आहे. आपल्या काकीही गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. आजच्या कार्यक्रमाला त्या खाली आलेल्या नाहीत.

माझी एवढीच विनंती. सकाळी नऊ वाजले तरी कुणाच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली, तर पुढे जाऊ नका. बेल वाजवा. जेवण झाल्यावर मी काकींचं ताट घेऊन वर जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्याबरोबर चला.